बारा हजार कोटी आणि आमचे मामा

श्रावणातला पहिला सोमवार. रक्कम बारा हजार कोटी रुपये. हजर माणसं चार: दुकानात मामा आणि मी, शेजारच्या सलूनमध्ये अर्धी दाढी झालेले एक सुभेदार, आणि त्यांची उरलेली अर्धी दाढी तशीच सोडून टीव्हीकडे बघत उभा राहिलेला सलूनवाला गणेश. मुंबईत सह्या करताना कोण कोण हजर होतं ते दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट आलं. त्यात आमच्यापैकी कुणी नव्हतं. बातमी एवढीच होती, की देशातल्या जुन्या फोन कंपन्यांना आठ वर्षं घाम फोडणारी जांभळी कंपनी त्यांच्यातल्याच सगळ्यात मोठ्या कंपनीने विकत घेतली.

मामांनी बातमी पूर्ण ऐकली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला.

"बघा," ते म्हणाले, "आपली कंपनी विकली, आन् आपल्याला कुणी विचारलं पण नाय."

यात विनोद नव्हता. मामा खरोखर दुखावले होते.

मामा मुळात घड्याळं दुरुस्त करायचे. छावणीच्या बाजारात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, आठ बाय सहाचं दुकान. मोबाइल आले आणि लोकांनी मनगटं मोकळी केली. मामांनी वर्षभर वाट पाहिली, मग ज्याने घड्याळ मारलं तोच धंदा धरला. त्या सुमाराला जांभळी कंपनी नवी होती आणि तिला जुन्या दुकानदारांनी दारात उभं केलं नव्हतं. मामांनी दहा हजार रुपये अनामत भरली आणि तिचे विक्रेते झाले. मी वाळूजच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे. रविवारी सकाळी त्यांच्याकडे बसून आठवड्याची बेरीज करून द्यायचो. मेहनताना दोन चहा. ते कुणाचे सख्खे मामा होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मामींची धाकटी बहीणसुद्धा त्यांना मामाच म्हणायची.

पहिल्या दिवसापासून ते "कंपनी" असा नुसता शब्द वापरत नसत. "आपली कंपनी." कंपनीचे मालकही "आपले साहेब". या साहेबांना मामांनी एकदाच पाहिलं होतं, तेही पडद्यावर. मराठवाड्यातल्या विक्रेत्यांना एका हॉटेलात जेवायला बोलावलं होतं आणि साहेब दिल्लीहून पडद्यावर बोलणार होते. साहेबांनी "माझ्या कुटुंबातल्या बंधूंनो" एवढं म्हटलं आणि चित्र अडकलं. पंधरा मिनिटं ते तोंड उघडं ठेवून पडद्यावर थांबले. मग सगळे जेवायला उठले.

"कसे वाटले साहेब?" मी विचारलं.

"थोडं बोलले," मामा म्हणाले, "पण लई मनापासून."

कंपनीने दुकान रंगवायला जांभळा रंग पाठवला. शटर, पाटी, बाक आणि एक स्टूल रंगवूनही दोन डबे उरले. मामांनी ते वाया जाऊ दिले नाहीत. स्कूटर जांभळी झाली. घराचं दार जांभळं झालं. मामी आठ दिवस माहेरी गेल्या होत्या, तेवढ्यात त्यांच्या शिलाई मशीनचं स्टँडही जांभळं झालं. मामी परत आल्या, दारातूनच आत बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं मी इथं नव्हते. मला पण फासला असता."

कंपनी चढली ती दरामुळे. बाकीचे मिनिटाचे पैसे घेत, हिने सेकंदाचे घ्यायला सुरुवात केली. मामांच्या दुकानासमोर रांग लागली. सिम देताना नंबर कोणता द्यायचा हे मामा ठरवत. गिऱ्हाईक निवडायला लागलं तर पाकिटं मागे सरकवत. "हा तुमच्या स्वभावाला जड जाईल," असं सांगून एका पोलिस हवालदाराला त्यांनी तीन शून्यांचा नंबर नाकारला होता. दिलेल्या नंबरावरूनच मग ते माणसाला हाक मारत. मी "त्रेसष्ट". गणेश "शून्य आठ". आणि प्रत्येकाला सिम देताना वाक्य ठरलेलं: "हा नंबर जन्माचा. मी बसलोय इथं."

सगळ्यात देखणा नंबर, शेवटी चार वेळा सात असलेला, त्यांनी गल्ल्यात दाबून ठेवला होता. एका प्लॉटवाल्याने त्याचे पाच हजार देऊ केले. मामांनी तो गिरणीवाल्या आक्कांना सिमच्या साध्या किमतीत दिला. आक्कांचा मुलगा सुभाष फौजेत, कधी कुठे असेल सांगता येत नाही. "डोंगरात थंडीनं डोकं बधिर होतं पोराचं," मामा म्हणाले. "चार साती कुणीबी ध्यानात ठेवील."

कंपनीत एकच खोट होती. रेंज नव्हती. म्हणजे अगदी नव्हती असं म्हणणं बरोबर नाही. दुकानाच्या आसपास ती फक्त सलूनच्या पायरीवर यायची, आणि मामा स्वतः कंपनीचा फोन घ्यायला गणेशच्या पायरीवर जाऊन उभे राहायचे. तक्रार घेऊन कुणी आलं की ते आधी विचारत, "घरात कुठं उभं राहता?"

"सैपाकघरात."

"मंग? रेंज असतीच. माणसानं जरा सरकायला पायजे."

एवढ्यावर ते थांबत नसत. संध्याकाळी रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन त्या घरी जात, फोन हातात धरून सगळ्या खोल्यांतून हळूहळू फिरत, आणि जिथे दोन काड्या दिसतील तिथे जमिनीवर रुपयाएवढा जांभळा ठिपका काढत. त्या ठिपक्यावर उभं राहून बोलायचं. छावणीतल्या कितीतरी घरांत असे ठिपके होते. मी मोजलेले नाहीत. आमच्या घरी तो न्हाणीघराच्या उंबऱ्याला लागून आला. सासुरवाडीशी मी आठ वर्षं तिथूनच बोललो. आक्कांच्या गिरणीत तो नेमका मशीनच्या मागे, पट्ट्याशेजारी आला. गिरणी चालू असताना तिथे उभं राहणंही धोक्याचं आणि ऐकू येणंही अशक्य. त्यामुळे सुभाषचा फोन आला की आक्का गिरणी बंद करायच्या. भरल्या रांगेत मधेच गिरणी थांबली की गल्लीला कळायचं, पोरगा बोलतोय. कुणी कुरकुर करत नसे. पाच मिनिटांनी पट्टा फिरला की बायका विचारत, "काय म्हणतोय?" आणि आक्का पिठाच्या हाताने डोळे पुसून म्हणत, "जेवला म्हणं."

आता मामांच्या धंद्याची खरी गंमत सांगतो. कंपनीचा पैसा लोकांच्या बोलण्यात होता. मामा मात्र प्रत्येक सिमसोबत न बोलण्याचं शिक्षण फुकट देत. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे चहा टाक. तीन म्हणजे खाली ये, पिशव्या जड आहेत. चार रिंगा झाल्या तरच उचलायचं, कारण मग नक्की काहीतरी वाईट असणार. लोकांनी हे इतकं मनावर घेतलं, की आमच्या गल्लीत चुकून तिसऱ्या रिंगेला फोन उचलणाऱ्याला समोरचा शिव्या घालायचा.

एकदा पुण्याहून कंपनीचा मॅनेजर आला. टाय लावलेला, चांगला मुलगा होता. त्याच्या लॅपटॉपवर सगळ्या विभागाचे आकडे होते.

"मामा, नवल आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे गिऱ्हाईक सगळ्यात जास्त आणि रिचार्ज सगळ्यात कमी. असं का?"

मामांनी विचार केला. "आपली मानसं कमी बोलत्यात साहेब."

नेमका त्याच वेळी सलूनच्या पायरीवर एक फळवाला आणि एक रिक्षावाला सुट्या पैशांवरून असे भांडत होते, की मॅनेजरला मामांचं उत्तर दोनदा विचारावं लागलं.

म्हणून विक्रीची बातमी आली त्या संध्याकाळी मामांनी मला हळूच विचारलं, "त्रेसष्ट, टीव्हीवाले म्हणत्यात कंपनीला तोटा झाला म्हणून विकली. आपल्या मिस्ड कॉलनं किती बुडाली आसंल हो?"

मी कागदावर मांडून बघितलं. सढळ हाताने धरलं. "सगळी वर्षं मिळून फार तर लाखभर," मी म्हणालो. "तोटा हजारो कोटींचा आहे मामा."

"म्हंजी आपल्यामुळं नाय."

"मुळीच नाही."

त्यांना बरं वाटलं. पण पुढच्याच क्षणी चेहरा जरा उतरला. "लाखभरच?" ते म्हणाले.

बाहेर मात्र उलटं चाललं होतं. आठ वर्षं "आपली कंपनी, आपली कंपनी" ऐकलेल्या लोकांनी बारा हजार कोटींचा आकडा वाचला आणि आपल्या परीने निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी गणपती मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली आणि मामांच्या नावावर एकावन्न हजारांचा आकडा टाकूनच उभी राहिली. बिडकीनचा एक चुलत पुतण्या, जो सहा वर्षांत फिरकला नव्हता, प्लॉटचे नकाशे घेऊन आला. "काका, कारखाने यायलेत. आत्ताच घ्या, चार एकर घ्या." मामींना बाजारात भाजीवाली सुटे परत देईना. "तुम्हाला काय कमी हाय आता," म्हणाली. मामी घरी येऊन मामांना म्हणाल्या, "कोटी राहू द्या. मला एक मिक्सर घ्या, म्हंजे लोकांचं बोलणं तरी खरं होईल."

समोरच्या फुटपाथवर सलीमभाईंचं दुकान होतं. मोठ्या कंपनीचे विक्रेते. आठ वर्षं दोघांनी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली होती आणि रोज चार वाजता एकाच किटलीतला चहा प्यायला होता. सलीमभाई रस्ता ओलांडून आले.

"मामू, आपकी कंपनी हमारी कंपनी ने खा ली बोलते."

"खाल्ली नाय," मामा म्हणाले. "पैशे मोजून घेतली."

"हौ, तो फिर पार्टी कब?"

हसणं दोन दिवस टिकलं. मग पत्रक आलं. जांभळ्या कंपनीच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मोठ्या कंपनीच्या दुकानात जाऊन सिम बदलून घ्यायचं. नंबर तोच राहील. न बदलल्यास नंबर कायमचा बंद. जांभळी दुकानं तोवर मिटवायची. छावणीत मोठ्या कंपनीचं दुकान आधीपासून होतं, त्यामुळे मामांची तिथे गरज नव्हती.

मामांनी पत्रक माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुकान जाणार ही ओळ त्यांनी सोडून दिली. "नंबर कायमचा बंद" या ओळीवर बोट ठेवलं.

"मी सगळ्यांना सांगितलंय, नंबर जन्माचा," ते म्हणाले. "एकबी बंद पडला तर मी खोटा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शटर ओढलं, जांभळं स्टूल उचललं, रस्ता ओलांडला आणि सलीमभाईंच्या काउंटरशेजारी मांडलं.

"ये क्या मामू?"

"माझी मानसं येतील. तू त्यांना वळखत नाय, मी वळखतो. मला फक्त बसू दे."

"बैठो ना. और सुनो, हर सिम का कमिशन आधा-आधा."

"नक्को. दुकान तुझं, कमिशन तुझं. चहा आधा-आधा."

श्रावणापासून दिवाळीपर्यंत मामा त्या स्टुलावर बसले. माणूस दारात आलं की हाक मारायचे, "या, एकोणनव्वद!" आणि सलीमभाई तोवर पाकीट फोडून ठेवायचे. जे आले नाहीत त्यांना घरून आणलं. वेरूळला लेण्यांसमोर माळा विकणाऱ्या एकाला गाठायला एसटीने दोन खेपा घातल्या. यादी नव्हती, सगळं डोक्यात होतं.

एकच माणूस येईना. गिरणीवाल्या आक्का.

मामा बोलवायला गेले की आक्का गिरणीचा आवाज वाढवायच्या. एकदा मी सोबत गेलो. आक्कांनी पट्टा थांबवला, पण हात कमरेवरून काढले नाहीत.

"मामा, लई मोठे झाले म्हणं तुमी."

"आक्का, मला एक रुपाया नाय मिळाला. देवाशपथ."

"व्हय का? मंग आपली कंपनी, आपली कंपनी कोन करत व्हतं इतके दिस? मी?"

"ते बोलायचं म्हणून..."

"बरं, ऱ्हाऊ द्या. तुमाला नाय मिळाला. मला एवढंच सांगा, त्या मोठ्या कंपनीनं काय इकत घेतलं? तारा? रंगाचे डबे?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मला विचारलेल्या प्रश्नाचं मी खरं उत्तर देतो. "मुख्यतः गिऱ्हाइकं," मी म्हणालो. "चार कोटी गिऱ्हाइकं होती."

"म्हंजी मला इकलं."

"तसं म्हणता येईल."

"कितीला?"

बारा हजार कोटी भागिले चार कोटी. हे तोंडी होतं. "तीन हजार रुपयांना," मी म्हणालो.

"मंग माझे तीन हजार आना," आक्का म्हणाल्या, "आन् मंग मी येते तिकडं." त्यांनी पट्टा चालू केला.

घरी येऊन मी दोन दिवस विचार केला. त्यांच्या गणितात मला चूक सापडली नाही. तोवर गल्लीला आकडा कळला होता आणि सलीमभाईंच्या दुकानात येणारं प्रत्येक माणूस आधी तीन हजार मागत होतं. पण ते मागणं हसण्यावारी होतं. नंबर गेला तर काय होईल हे ज्याला त्याला ठाऊक होतं आणि सगळे सिम घेऊन गेले. आक्का हसत नव्हत्या. त्यांचा नवरा गेल्यावर शेत, बैल, घर असं बरंच काही त्यांना न विचारता विकलं गेलं होतं. आता नंबर विकला गेला होता.

मामी म्हणाल्या, "जाऊ द्या ना. तिला नाय गरज, तर तुम्ही कशाला झुरता?"

"तिला नाय, त्याला हाय," मामा म्हणाले. "पोरगं पाडव्याला फोन करील. फोनमधली बाई म्हणंल, हा नंबर अस्तित्वात नाय. तिकडं डोंगरात काय वाटंल त्याला?"

पाडव्याच्या चार दिवस आधी मामांची अनामत परत आली. दहा हजारांतून कंपनीने पाटी, बाक, स्टूल, छत्री आणि दोन जादा रंगाचे डबे यांची किंमत वजा केली होती. हाती आले तीन हजार दोनशे साठ. मी म्हणालो, मामा, यावर भांडता येईल, पाटी तर त्यांचीच जाहिरात होती. मामा म्हणाले, "रंग तर आपणच वापरला ना. दार बघा आमचं."

त्या संध्याकाळी ते गिरणीत गेले. मी दाराशी उभा होतो. त्यांनी पाचशेच्या सहा नोटा पिठाच्या डब्यावर ठेवल्या.

"हे काय?"

"तुमचा हिस्सा. कंपनीकडून आला."

आक्कांनी नोटा मोजल्या. एक नोट उजेडात धरून बघितली. "कागद हाय का कंपनीचा?"

"मीच कागद," मामा म्हणाले.

आक्कांनी नोटा कमरेच्या पिशवीत घातल्या, गिरणीला कुलूप लावलं आणि आमच्या पुढे रस्ता ओलांडला. सलीमभाईंनी अंगठा घेतला, नवं सिम घातलं. फोन चालू झाला, पण पडद्यावर एकही काडी दिसेना. मोठ्या कंपनीच्या मोठ्या दुकानात, भर काउंटरवर. आक्कांनी मामांकडे असं बघितलं, की मला तीन हजार परत जाताना दिसले.

"आक्का," मामा म्हणाले, "जरा सरका."

त्या दोन पावलं दाराकडे सरकल्या. चार काड्या आल्या. मामांनी खिशातून बारीक ब्रश काढला तेव्हा सलीमभाई ओरडले, "ऐ मामू, नक्को! नया टाइल है!"

पाडव्याला सकाळी दळणाची रांग मोठी होती. मामा स्टुलावर बसून होते. आता आणायचं कुणी उरलं नव्हतं, तरी बसले होते. सव्वादहाच्या सुमाराला गिरणी थांबली. रस्त्यावरची वाहनं तेवढीच होती, पण तिचा आवाज गेल्यावर बाजार एकदम रिकामा वाटला. सलीमभाईंनी टीव्ही बारीक केला. आम्ही तिघं गिरणीकडे कान लावून बसलो. बराच वेळ गेला, मग पट्टा फिरला.

"जेवला आसंल," मामा म्हणाले, आणि स्टूल उचलून घरी गेले.

मामांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या घराचं दार मामींनी रंगवून घेतलेलं नाही. आमच्या न्हाणीघराच्या फरश्या बदलल्या, ती एक फरशी तशीच ठेवली. रेंज आता घरभर असते, पण सासुरवाडीशी मी अजून तिथूनच बोलतो. बोलणं फुकट झालं तरी घराजवळ आल्यावर मी एक रिंग देतो आणि बायको उचलत नाही.

हिशेब तेवढा पुरा करतो. बारा हजार कोटींपैकी छावणीच्या बाजारात एकूण पोचले तीन हजार दोनशे साठ रुपये. त्यातले दोनशे साठ पाडव्याच्या जिलेबीचे, हलवायाला रोख. खाणारे मामा, मामी, सलीमभाई, गणेश आणि मी. उरलेले तीन हजार गिरणीवाल्या आक्कांना, त्यांचा हिस्सा म्हणून. त्यांनी ते परत केले नाहीत, आणि मामांनीही तशी अपेक्षा कधी ठेवली नाही.